डनस्टन कंपनीत कोण होता

सुलेई गावात पाव मिळतो तो मुरियलकडेच. आडव्या कापलेल्या पिंपाची भट्टी, खाली नारळाच्या करवंट्यांचा जाळ आणि वर पत्र्याचं झाकण, एवढ्या सामानावर तिने आयुष्य काढलं. इसाबेल बेटाच्या त्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की लोक आधी तिच्या शेडकडे बघतात. धूर दिसला तर पाव आहे, नाही तर बिस्किटं घ्या.

मुरियलचा नवरा शेजारच्या मलाइटा बेटाचा, बोटीवर खलाशी. सुरुवातीला तो नाताळला यायचा. मग नुसते निरोप यायचे आणि पुढे तेही थांबले. बायका विचारायच्या, "शोध तरी घे गं त्याचा." मुरियल म्हणायची, "समुद्र मोठा आहे. कुठं बुडायचं ते त्याचं तो बघेल." तिला स्वतःचं मूल झालं नाही. पण धाकटी बहीण लोरिस हिवतापाने गेली आणि तिचं रांगतं पोर मुरियलच्या मांडीवर आलं. तोच डनस्टन.

त्या बेटावर कूळ आईकडून चालतं, जमीनही आईकडून लेकीकडे जाते. त्यामुळे बहिणीचा मुलगा म्हणजे मुरियलचा स्वतःचाच मुलगा, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पोरगा तिला मावशीच म्हणायचा, पण ताप आला की तिलाच बिलगायचा. पाव विकून, सुपारी विकून तिने त्याला बिशपच्या शाळेत घातलं. पोरगा हुशार निघाला. बोलायला तर असा, की पाद्रीबाबासुद्धा प्रवचन थांबवून ऐकत बसायचे.

शिकून आला तेव्हा किनाऱ्यावर लाकूड कंपनी आली होती. साहेब परदेशी, त्याची भाषा गावाला कळेना आणि गावातल्या म्हाताऱ्यांची भाषा त्याला कळेना. डनस्टनला तिथे लगेच काम मिळालं.

कंपनीशी बोलणी झाली ती चर्चशेजारच्या मांडवात. जमीन मुरियलच्या कुळाची, आणि कुळात थोरली होती हेस्टर, मुरियलच्या आईची बहीण. तेव्हाच तिला दिसत कमी होतं. ती उठली आणि काठीने डोंगराकडे दाखवत म्हणाली, "खालचं जंगल न्या. झऱ्याच्या वरचं एकही झाड तोडायचं नाही. आम्ही ते पाणी पितो." डनस्टनने ते साहेबाला सांगितलं. साहेबाने मान डोलावली. कंपनीच्या माणसांनी झऱ्याच्या खालच्या अंगाला झाडांवर लाल रंगाचे पट्टे ओढले, की यापुढे करवत जाणार नाही.

पुढे काय झालं ते सुलेईतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. करवत पट्ट्याच्या पुढे गेली. वरचा डोंगर बोडका झाला, पहिल्याच मोठ्या पावसात माती खाली आली आणि झरा गढूळ झाला. गावात येणारा नळ गाळाने बुजला. हेस्टर त्याच वर्षी गेली. तेव्हापासून बायका होड्या वल्हवत पलीकडच्या ओढ्याच्या मुखाशी जातात आणि प्लास्टिकचे डबे भरून पाणी आणतात. कंपनी गेली, साहेब गेला. गावाने साहेबाला मनसोक्त शिव्या घातल्या. जो माणूस पुन्हा दिसणार नाही त्याला शिव्या घालायला सोपं जातं.

मुरियल त्या शिव्यांत कधी सामील झाली नाही. लोकांना वाटायचं, बाई देवभोळी आहे.

डनस्टन राजधानीला, होनियाराला गेला, सरकारी कचेरीत लागला, लग्न केलं, अंगाने भरला. आणि मग एके वर्षी बातमी आली की तो संसदेच्या निवडणुकीला उभा आहे. मुरियलला इतका आनंद झाला की त्या दिवशीचे पाव करपले, आणि करपलेले पाव तिने फुकट वाटले.

प्रचाराची होडी आली तेव्हा सगळं गाव किनाऱ्यावर होतं. डनस्टनने पांढरा सदरा घातला होता, गळ्यात फुलांच्या माळा होत्या, मागे लाउडस्पीकरचा कर्णा धरून एक पोरगा बसला होता. मांडवात सभा भरली. रस्ता, दवाखाना, पोरांची फी, सगळं बोलून झालं. मग एलिसन उठला. एलिसन दुसऱ्या कुळाचा, गावाकडून रोजची प्रार्थना म्हणवून घेणारा, कुणाला घाबरत नाही असा माणूस. डनस्टनच्या विरोधातल्या उमेदवाराने त्याला होडीचं नवं इंजिन दिलं होतं हेही सगळ्यांना माहीत होतं.

"डनस्टन, एक विचारू का?"

"विचारा की, एलिसनदादा. इंजिन नीट चालतंय ना?"

मांडवात हशा पिकला. एलिसनही हसला, पण खाली बसला नाही.

"इंजिन चालतंय. मला सांग, तू कंपनीत कोण होतास?"

"दुभाष्या."

"नुसता दुभाष्या?"

"नुसता दुभाष्या. साहेबाने सांगितलं की तुम्हाला सांगायचं, तुम्ही सांगितलं की साहेबाला सांगायचं. मी म्हणजे साहेबाची जीभ होतो, दादा. जिभेला कुठं हात असतात?"

लोक पुन्हा हसले. उत्तर झकास होतं. मुरियल मांडवाच्या मागे रताळ्यांची पानं निवडत बसली होती. तिने पानं तशीच टाकली आणि घरी निघून आली.

कारण तिने जे पाहिलं होतं ते कंपनीच्या तळावर. तेव्हा ती रोज टोपलीभर पाव घेऊन तिकडे जायची. तळावरचे लोक पावाला चटावले होते. त्या दिवशी साहेब होनियाराला गेला होता. डनस्टन हेल्मेट घालून, हातात वॉकीटॉकी घेऊन, साहेबाच्याच खुर्चीत बसला होता. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर ओंडके न्यायला आलेलं जहाज थांबलं होतं आणि त्याच्या पोटात अजून जागा होती. बुलडोझरवाला डोंगरावरून खाली आला. म्हणाला, "साहेब, लाल पट्ट्यापाशी आलोय. खालचं संपलं. थांबू की वर जाऊ?"

डनस्टनने जहाजाकडे बघितलं. कुणाला विचारलं नाही, वॉकीटॉकी तोंडाला लावली नाही. म्हणाला, "वर जा."

मुरियल टोपली घेऊन तिथेच उभी होती. 'साहेब' ही हाक ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर आलेलं तेज तिला दिसलं. तेव्हा तिला त्याचा अभिमानच वाटला होता, हे ती पुढे कितीही घासलं तरी मनातून काढू शकली नाही. 'वर जा' म्हणजे काय ते तिला घरी पोचल्यावर उमगलं. ती काही बोलली नाही. तिच्या घरावर पानांच्या जागी पत्रा आला तो त्याच वर्षी, त्याच्याच पगारातून.

सभेनंतर दिवेलागणीला डनस्टन तिच्याकडे जेवायला आला. नारळाच्या दुधातली रताळी आणि मासे त्याला आवडतात म्हणून तिने तेच केलं होतं. तो भुकेला होता, मान खाली घालून जेवत होता. तिने त्याला पोटभर जेवू दिलं.

"जिभेला हात नसतात म्हणालास."

"आवडलं ना लोकांना?" तो हसला. "होनियारात पण हेच विचारतात गं सारखं. पेपरवाले, रेडिओवाले. हे उत्तर दिलं की गप्प बसतात."

"मी तिथं होते, डनस्टन. पाव घेऊन."

त्याचा हात थांबला. बाहेर कुणीतरी होडी ओढून घेत होतं, त्याचा आवाज आला आणि गेला.

"कुठं?"

"तू खुर्चीत बसला होतास. तो खाली आला, तुला साहेब म्हणाला. तू म्हणालास, वर जा."

त्याने ताट जरा पुढे सरकवलं. मग म्हणाला, "साहेब असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं."

"असेल. पण साहेब नव्हता."

"जहाज उभं होतं, मावशी. एकेक दिवस उभं राहिलं की कंपनी ओरडायची. माझं वय काय होतं तेव्हा?"

"लग्न करण्याइतकं होतं."

"तू कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग झालं तर." तो पुन्हा जेवायला लागला. "निवडून आलो की पहिलं काम नळाचं. नवा नळ, लांबच्या ओढ्यावरून. तुझ्या दारात पाणी आणतो बघ."

"नळ आण. पण आधी मांडवात उभा राहून सांग, की तो साहेब नव्हता, मी होतो."

"वेडी आहेस का? निवडणुकीच्या तोंडावर?"

"बाकीच्या वेळी तू इथं असतोस कुठं?"

तो चिडला. "माझ्या विरुद्धच्याने कंपनीकडून घेतलं नाही असं वाटतं तुला? इंजिनं कुठून येतात मग? सगळ्यांनी घेतलंय. तुझ्या डोक्यावरचा पत्रा कुठून आला?"

"ठाऊक आहे. पाऊस पडला की दर वेळी वाजतो तो." मुरियलने ताटं गोळा केली. "मी उठून कुणाला सांगायला जाणार नाही. तू माझा आहेस. पण मला कुणी तोंडावर विचारलं, तर खोटं बोलणार नाही. एवढं ध्यानात ठेव."

डनस्टन पुढच्या गावांना निघून गेला. जाताना त्याने तिच्या गालाला गाल लावला नाही. लहानपणापासून असं कधी झालं नव्हतं. ती भट्टीशी गेली आणि उद्याचं पीठ उगाचच मळत बसली.

गावात मात्र प्रश्न उठला तो बसेना. पाण्याला जाताना होडीत बायका तेच बोलायच्या. एक म्हणायची, "दुभाष्याला बांधलेलं घर कसं मिळालं होतं तळावर?" दुसरी म्हणायची, "अगं, त्याने नोकरी केली. नोकरी करणाऱ्याने काय करावं?" मग मुरियलकडे बघून सगळ्या गप्प व्हायच्या. मुरियल वल्हं मारत राहायची. त्या गप्प होण्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा. कुणी विचारलं असतं तर बरं, असं वाटायचं, आणि कुणी विचारू नये अशी प्रार्थनाही ती करायची.

मतदानाच्या आधीच्या रविवारी, प्रार्थनेनंतर, पाद्रीबाबांनी दोन्ही उमेदवारांना बोलावलं. विरोधातला आला नाही, त्याने तांदळाची पोती पाठवली. डनस्टन आला. मांडव गच्च भरला होता. तरणी पोरं बाहेर पपईच्या झाडाखाली उभी होती. एलिसन पुन्हा उठला. या वेळी तो हसत नव्हता.

"मी तोच प्रश्न विचारतोय. मागच्या वेळी आम्ही हसलो. हसून पाणी येत नाही. पट्ट्याच्या वर करवत कुणी पाठवली?"

"साहेबाने," डनस्टन म्हणाला. "कितीदा सांगू?"

"बुलडोझरवाला म्हणायचा की साहेब तेव्हा इथं नव्हता."

"तो बुलडोझरवाला कुठं आहे आता? आणा त्याला."

"तो मेला, हे तुलाही ठाऊक आहे." एलिसन मागे वळला. "मुरियलताई, तू तळावर रोज जायचीस. तुला काही ठाऊक आहे का?"

सगळ्या माना वळल्या. डनस्टनने तिच्याकडे बघितलं. तापात असताना बघायचा तसंच. मुरियल उठली. गुडघा धरून उठावं लागलं, त्यात थोडा वेळ गेला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "साहेब त्या दिवशी होनियारात होता. विचारायला माणूस आला तो डनस्टनला विचारायला. आणि वर जा म्हणाला तो डनस्टन. मी पाव घेऊन उभी होते."

ती पुढे म्हणाली, "मी पण गप्प राहिले. पत्र्याखाली निजले. आता मला विचारलंत म्हणून सांगितलं."

आणि ती खाली बसली. शेजारच्या बाईने जरा सरकून तिला जागा दिली की ती तिच्यापासून दूर झाली, हे मुरियलला कळलं नाही.

डनस्टन तसाच उभा होता. कर्णेवाल्या पोराला वाटलं सभा संपली, तो वायर गुंडाळायला लागला. डनस्टनने त्याला हाताने थांबवलं, मग कर्णा बाजूलाच ठेवला.

"मावशी खरं सांगते," तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की मागच्यांनी "मोठ्याने!" असं ओरडून सांगितलं. "माझं कंपनीतलं नाव दुभाष्या होतं. कागदावर आजही तेच असेल. पण साहेब नसला की मीच असायचो. लोक मला विचारायचे, ते मला आवडायचं. हेस्टर आजी काय म्हणाली होती ते मीच साहेबाला समजावून सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही."

एका म्हाताऱ्याने जोरात सुपारीची लाल पिंक टाकली आणि म्हटलं, "हे मागच्या महिन्यात सांगितलं असतंस तर तुला मत दिलं असतं रे गाढवा."

थोडे लोक हसले. बाकीचे उठून गेले. पाद्रीबाबांनी घाईघाईने आशीर्वाद दिला. डनस्टनची होडी जेवायला न थांबता सुटली.

तो निवडणूक हरला. बऱ्याच मतांनी हरला. सुलेईतून त्याला किती मतं पडली हे विचारायची गावात रीत नाही, कुणी विचारलंही नाही. लांबच्या गावांना तर झऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं, तिथे इंजिनं आणि तांदूळ पुरले. पण डनस्टनच्या बायकोच्या माहेरच्यांनी सरळ सांगून टाकलं, की मावशीनेच त्याला बुडवला. ते मुरियलच्या कानावर आलं. ती म्हणाली, "असेल," आणि पिठाचा गोळा तोडला. त्या वर्षी नाताळला डनस्टन आला नाही. तिने त्याच्यासाठी ठेवलेलं डुकराचं मांस शेवटी शेजाऱ्यांना दिलं. एवढी एकच गोष्ट सांगताना ती अजून थांबते.

पावसाळा गेला आणि किनाऱ्यावर पुन्हा एक होडी लागली. नवी कंपनी आली होती, उरलेलं जंगल मागायला. या खेपेला बोलायला आलेला माणूस शेजारच्या बेटावरचा, तरणा, गोड बोलणारा, डोक्यावर चकचकीत टोपी. मांडवात बसल्या बसल्या त्याने बिस्किटांचे पुडे वाटले. मग शाळा, रस्ता, नळ अशी एकेक गोष्ट सांगायला लागला.

मुरियलने हात वर केला. हेस्टरनंतर कुळात थोरली आता तीच होती.

"बाळा, तू कंपनीत कोण?"

"मी गाव आणि कंपनी यांच्यामधला माणूस, आजी. तुमचं त्यांना सांगतो, त्यांचं तुम्हाला."

बायकांमध्ये कुजबुज झाली. मुरियल म्हणाली, "आम्ही नाही म्हटलं, तर तुला थांबवता येतं का?"

"ते… वरच्या लोकांना विचारावं लागेल."

"आणि वरचे लोक नसले आणि एखाद्याने येऊन तुला विचारलं, की पुढे जाऊ का, तर?"

पोरगा गोंधळला. खरं तर त्याला प्रश्नच कळला नाही. एलिसन मागून म्हणाला, "उत्तर दे की. सोपा तर प्रश्न आहे." सगळा मांडव हसला, पण ते हसणं मागच्यासारखं नव्हतं.

"तू चांगला आहेस," मुरियल म्हणाली. "पाव खा आणि जा. ज्याच्या शब्दावर करवत थांबते त्याला पाठव. त्याच्याशी बोलू. त्याने यायचं आणि इथं आपल्या तोंडाने सांगायचं, की जबाबदार मी आहे."

तसा कुणी आला नाही. कंपनी खाडीच्या पलीकडच्या गावाकडे वळली. नव्या खासदाराला ते फारसं रुचलं नसणार, पण सुलेईत तो परत आलाच नाही, त्यामुळे काय म्हणाला ते कळायला मार्ग नव्हता.

पलीकडच्या गावाने डनस्टनला निरोप धाडला. कंपनीची बोली त्याला कळते, त्याने येऊन बसावं. तो येताना आधी सुलेईला उतरला. मुरियल भट्टीतून पाव काढत होती. तो शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला. केस कानाशी पांढरे झाले होते.

"पलीकडे बोलावलंय मला," तो म्हणाला.

"ऐकलं."

"जाऊ का?"

मुरियलने पाव फडक्यात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. "जा. पण तिथं बसल्यावर पहिलं काय सांगायचं ते तुला ठाऊक आहे."

"ते मला हाकलून देतील."

"दिलं तर परत ये. जेवायला आहे घरी."

त्याने सांगितलं. पलीकडचे लोक नंतर सुलेईत येऊन सांगत होते, की डनस्टन मांडवात उभा राहिला आणि म्हणाला, मी आधी एका कंपनीत होतो, सुलेईचा झरा माझ्या शब्दाने गेला, आता ऐकायचं तर ऐका. एक बाई उठून त्याच्या अंगावर धावून गेली, तिला आवरावं लागलं. पण मग लोक बसले. त्याने कंपनीच्या माणसाला एकेक शब्दावर अडवलं. गावाने शेवटी सही केलीच, पोरांच्या फीची सगळ्यांनाच नड होती. पण वरचा डोंगर करारातून वगळला, आणि त्यात कंपनीच्या मालकाचं स्वतःचं नाव घातलं. ते किती टिकेल कुणास ठाऊक.

डनस्टन त्या दिवशी परत आला तो ओठ फुटून. त्या बाईचा हात लागला होता. मुरियलने मिठाच्या पाण्याने ओठ पुसला, तो लहान पोरासारखा कण्हला. जेवताना म्हणाला, "पुढच्या वेळी पुन्हा उभा राहीन म्हणतो."

"राहा," मुरियल म्हणाली, आणि माशाचा मोठा तुकडा त्याच्या पानात वाढला. निघताना त्याने वाकून तिच्या गालाला गाल लावला, आणि फुटलेला ओठ दुखला म्हणून जरा ओरडला.